मदत हवी आहे: पाण्यातलं कीटकनाशक डोडेकॅनॉलच्या थेंबात येतच नाही

प्रोजेक्टवाला:
एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर. विहिरीच्या पाण्यातले कीटकनाशकांचे अंश मोजण्यासाठी हरित पद्धतीने, म्हणजे कमीत कमी द्रावक वापरून, वेगळे काढायचे आहेत. तरंगत्या थेंबाची पद्धत घेतलीय: पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकाच्या (इथे डोडेकॅनॉल) थेंबात कीटकनाशक ओढून घ्यायचं. 10 मिली पाणी, त्यात 50 मायक्रोलिटर डोडेकॅनॉल अर्ध्या मिली असिटोनमध्ये मिसळून सिरिंजने झटक्यात सोडतो. पाणी दुधाळ होतं. मग सेंट्रिफ्यूज, मग बर्फ. थेंब वर गोठतो, पण चमच्याने उचलायला जावं तर वितळतो. जे काही हाती लागतं त्यात रिकव्हरी (पाण्यातल्या कीटकनाशकापैकी थेंबात मिळालेला भाग) 2-3 टक्के. पेपरांमध्ये सगळ्यांची 90च्या वर. 20 तारखेला सबमिशन आहे. कुणी केलं असेल तर लवकर सांगा. थिअरी सांगू नका, ती मला येते.

जुना_केमिस्ट:
कोणतं कीटकनाशक? मोजता कशावर? खोलीचं तापमान किती?

टीडीएस_दादा:
आरओ बसवून घ्या. आमच्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 900 होता, आता 60. विषय संपला.

प्रोजेक्टवाला:
दादा, मला पाणी प्यायचं नाहीये, तपासायचं आहे. सर, एचपीएलसी-यूव्ही (घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र). तापमानाचं काय विचारता, मे महिना आणि यवतमाळ जिल्हा. लॅबमध्ये कूलर आहे, लाईट असली तर.

जुना_केमिस्ट:
डोडेकॅनॉल 24 अंशांना वितळतं. तुमच्याकडे ते बाटलीतही गोठत नसेल, चमच्यावर काय टिकणार! चमचा आणि व्हायल आधीच बर्फात गार करा. नाहीतर गोठवूच नका. 25 मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये करा, थर वर आला की कडेने हळूहळू पाणी सोडा. थर अरुंद मानेत चढतो, तिथून सिरिंजने ओढून घ्या.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

अमरावतीची_मेघा:
डोडेकॅनॉल सोडा हो. मेंथॉल आणि डेकॅनोइक आम्ल एकत्र गरम करा. दोन्ही घन, पण मिळून पातळ द्रव होतो आणि पाण्यात मिसळत नाही. मी त्यावरच काम केलं. दिवसभर लॅबमध्ये पुदिन्याचा वास, शेजारचे विचारायचे चटणी कोण वाटतंय.

फनेलवाले_मास्तर:
एक लिटर पाणी, तीनदा 60 मिली डायक्लोरोमिथेन, सेपरेटिंग फनेल. माझी उभी नोकरी यात गेली, कधी फसलं नाही. ग्रीन-बीन ही पेपर छापायची सोय आहे. थेंबभर द्रावक वाचवायचं आणि सेंट्रिफ्यूजला जनरेटर लावायचा, हे कसलं हरित?

अमरावतीची_मेघा:
मास्तर, डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं आणि तिथे पारा 44 वर आहे. फनेलचा कॉक उघडताना तोंड लांब ठेवा म्हणजे झालं. ते 180 मिली शेवटी जातं कुठे, तेही सांगा.

फनेलवाले_मास्तर:
फ्यूमहूड असतं ना, वाफा ओढून घेणारं कपाट.

अमरावतीची_मेघा:
असतं. त्यात जुने जर्नल ठेवलेले असतात.

प्रोजेक्टवाला:
भांडण नंतर करा ना, माझा शुक्रवार चाललाय. कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड. पऱ्हाटीवर (कपाशीवर) तुडतुड्यांना सगळे तेच मारतात. हे वेगळं सांगायला पाहिजे होतं का?

जुना_केमिस्ट:
अहो, तेच तर सांगायचं होतं! इमिडाक्लोप्रिडचा लॉग-के-ओ-डब्ल्यू, म्हणजे ऑक्टॅनॉल या तेलकट अल्कोहोलात आणि पाण्यात वाटणी कशी होते ते सांगणारा आकडा, 0.57 आहे. म्हणजे ऑक्टॅनॉलमध्ये ते पाण्याच्या फक्त 3.7 पट जातं. डोडेकॅनॉल त्याचाच भाऊ. 50 मायक्रोलिटर म्हणजे तुमच्या पाण्याचा 200वा भाग. 3.7 ला 200 ने भागा, दोन टक्के येतात की नाही? तुमचा प्रयोग बरोबर आहे, निवड चुकली. हेच क्लोरपायरीफॉस असतं तर लॉग 4.7, म्हणजे 50 हजार पट, 99 टक्के थेंबात. प्रोफेनोफॉसही छान येईल. मोनोक्रोटोफॉस मात्र घेऊ नका, ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. मेघाताई, तुमच्या मेंथॉलनेही इथे फार फरक पडणार नाही.

अमरावतीची_मेघा:
माझं काम क्लोरपायरीफॉसवरच होतं. मान्य.

जुना_केमिस्ट:
इमिडाक्लोप्रिडच हवं असेल तर एचएलबी कार्ट्रिज (कीटकनाशक धरून ठेवणारी भुकटी भरलेली छोटी नळी). अर्धा लिटर पाणी ओढा, चार-पाच मिली मिथेनॉलने उतरवा, सुकवून एक मिली करा, 270 नॅनोमीटरला बघा. मास्तरांच्या 180 मिलीपुढे हे हिरवंच म्हणायचं.

फनेलवाले_मास्तर:
आणि कार्ट्रिजचं प्लास्टिक? असो. मर्यादा कोणती धरणार? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या, आयएस 10500च्या यादीत इमिडाक्लोप्रिड नाहीच.

जुना_केमिस्ट:
युरोपात कुठल्याही एका कीटकनाशकाला लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे क्लोरपायरीफॉसलाच 30, म्हणजे तीनशे पट. त्यावर मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.
प्रोजेक्टवाले, विहिरीचे नमुने कशात आणले?

प्रोजेक्टवाला:
पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांत. गाडीच्या हँडलला पिशवी लावून. का?

जुना_केमिस्ट:
दुपारी?

प्रोजेक्टवाला:
दुपारी.

जुना_केमिस्ट:
इमिडाक्लोप्रिड पाण्यात असताना ऊन लागलं की काही तासांत निम्मं होतं. आणि क्लोरपायरीफॉस घ्याल तर ते प्लास्टिकला चिकटून बसेल. तपकिरी काचेची बाटली, बर्फाचा डबा, सकाळी लवकर. नमुने परत आणा.

प्रोजेक्टवाला:
परत?? सहा गावं आहेत. आणि सिनॉप्सिसमध्ये डोडेकॅनॉल लिहून मंजूर झालंय. उद्या सरांना विचारतो, इमिडाक्लोप्रिडच्या जागी क्लोरपायरीफॉस चालेल का म्हणून. ते ओरडणार.

वर्धेचा_कास्तकार:
राजेहो, लय वेळचा वाचून रायलो, अर्धं समजलं नाई. 2017 साली यवतमाळात फवारणीनं माणसं मेली तवापासून मी तोंडाले फडकं बांधूनच फवारतो. पण पंप धुतो तो विहिरीपाशीच, पाणी तिथंच असते. माह्या विहिरीचं पाणी तपासून देसान काय?

टीडीएस_दादा:
काका, आरओ.

प्रोजेक्टवाला:
काका, आणून द्या, मला नाहीतरी नमुने परत गोळा करायचेच आहेत. पण काचेची बाटली, तपकिरी. आणि पंप आता तरी विहिरीपासून दूर धूत जा.

वर्धेचा_कास्तकार:
बियरची चालते काय? आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाय, पण बाटल्या धुऱ्यावर लय भेटतेत.

जुना_केमिस्ट:
चालेल. आधी साबणाने धुवा, मग साध्या पाण्याने चार-पाच वेळा. लेबल काढा, नाहीतर याच्या सरांना वेगळंच वाटायचं.