नौदलातल्या वर्षांतून पुढे काय उरतं?

प्रश्न
माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून नौदलात आहे. आयएनएस चिल्कावरचं प्रशिक्षण आटोपून जहाजावर गेला. चारपैकी दोन वर्षं सरली. सुट्टीवर आला की विचारते, "कसं आहे रे तिथे?" उत्तर एकच, "बरं आहे." ऐन उमेदीची ही वर्षं, यातून त्याच्याजवळ काय उरेल? नोकरी करून आलेल्यांनी सांगावं.

उत्तर १
ताई, मी विसाव्या वर्षी विराट या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये उतरलो. चार बॉयलर, अंगावरचा घाम वाळायचा नाही. वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. माझ्याकडे गेज ग्लास होता, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच. पाणी फार उतरलं तर नळ्या जळतात, फार चढलं तर वाफेसोबत टर्बाइनमध्ये जातं. त्यात जहाज डोलत असलं की काचेतलं पाणीही वरखाली. पहिल्याच महिन्यात मी घाबरून उगाच ओरडलो. शेजारचा सीनियर रागावला नाही. म्हणाला, "पाच झोके मोज, मधली पातळी धर." आजही काही बिघडलं की मी आधी पाच झोके मोजतो.

जुलै २०१६मध्ये विराट स्वतःच्या ताकदीवर शेवटची कोचीला गेली. तिथे बॉयलर काढले आणि तिला ओढत मुंबईला आणलं. ६ मार्च २०१७ला ती निवृत्त झाली, त्याच्या बातम्या मी पाहिल्या नाहीत. बॉयलर नसलेली विराट मला बघवली नसती.

हे सगळं मी घरी कधी बोललो नाही, कारण कुणी विचारलंच नाही. "कसं आहे" याला "बरं आहे" हेच उत्तर येणार. वॉच कितीचा, हातात काम कुठलं, ते विचारा.

उत्तर २
वरचं पटलं, पण दुसरी बाजूही आहे. माझे वडील गेले तेव्हा आम्ही समुद्रात होतो. तेराव्यालाही पोचलो नाही. ते अजून सलतं.
आणि एक व्यवहाराचं. चार वर्षांनी कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना सेवानिधी, म्हणजे शेवटी एकरकमी पैसे, मिळतो, पण बाहेर नोकरी मागताना कागद लागतात. केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र आत्तापासून जपून ठेवायला सांगा.

प्रश्नकर्ती
दादा, काल फोनवर वॉचचं विचारलं. तो रडारवर बसतो म्हणे, बारा ते चार. मासेमारीच्या लाकडी होड्या पडद्यावर लाटांच्या ठिपक्यांत हरवतात, त्या हुडकायच्या. एकदा अशी होडी वेळेत दिसली म्हणून जहाज वळवता आलं, हे त्यानं आत्ता सांगितलं, आठ महिन्यांनी! लाटेचा ठिपका कुठला आणि होडीचा कुठला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. रविवारी परत विचारते. कागदांचंही सांगेन.