'रसभंग', 'रसाभास' आणि गाण्याचे 'हसे'

प्रश्न : गाणे गंभीर असते, गाणाराही मनापासून गात असतो आणि तरीही ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. त्या जागेला 'विनोदी' म्हणता येत नाही, कारण हसवण्याचा हेतूच नसतो. 'विडंबन' म्हणावे, तर तेही अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'सारखे ठरवून केलेले असते. मी आजवर 'रसभंग' म्हणत आलो. हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : मला तो अपुरा वाटतो. मैफलीत शेजाऱ्याचा मोबाईल वाजला तरी रसभंग होतो. पण त्यात गाण्याचा दोष नसतो आणि आपल्याला हसू नव्हे, राग येतो. दोष गाण्याच्या आतच असेल, तर 'रसाभास' अधिक जवळचा. अनुचित ठिकाणी योजलेल्या रसाला संस्कृत काव्यशास्त्र हे नाव देते, आणि काव्यमीमांसक अभिनवगुप्ताने तर सीतेविषयीच्या रावणाच्या प्रेमोद्गारांचा दाखला देऊन अशा आभासाचे पर्यवसान हास्यात होते, करुणाचा आभासही त्याला अपवाद नाही, असे म्हटले आहे. क्षेमेंद्राने 11व्या शतकात 'औचित्यविचारचर्चे'त हेच दागिन्यांवरून सांगितले : गळ्यात मेखला (कमरपट्टा), कमरेवर हार, हातात नूपुर (पैंजण) आणि पायात केयूर (बाजूबंद) घातले, तर कोणाचे हसे होणार नाही? यातला एकही दागिना खोटा नाही. विरहाच्या शब्दांना लग्नाच्या वरातीत शोभणारा ठेका दिला, की नेमके हेच घडते.

शंका : मग संगीत नाटकात मरणासन्न पात्र ताना घेते, तोही रसाभासच का?

उत्तर : सरसकट नाही. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटक रुळले, तसे दुःखातही पात्र गाणार हा संकेत प्रेक्षकाने मान्य केला. संकेत मान्य असेपर्यंत हसू येत नाही. मात्र प्राण सोडलेले पात्र वन्समोअरसाठी उठून बसले, तर संकेतही त्याला वाचवू शकत नाही. (तो संकेत ठाऊक नसलेल्या आजच्या श्रोत्याला पहिल्या तानेलाच हसू फुटले, तर त्यात त्याचाही फारसा दोष नाही.)

एक प्रकार मात्र रसाभासात बसत नाही. देवीच्या स्तवनात 'नवरात्र' हा शब्द आला आणि चालीने 'नवरा'वर दीर्घ मुक्काम करून 'त्र' पुढच्या मात्रेवर ढकलला, तर भाव, शब्द आणि राग सारे उचित असूनही सभागृहात खसखस पिकते. कवितेत विराम शब्दाच्या मध्येच पडला, तर त्याला 'यतिभंग' म्हणतात; हा त्यासारखाच दोष आहे, फक्त तो कवीच्या नव्हे, संगीतकाराच्या पदरी जातो.

म्हणून कारण सांगताना 'रसाभास' किंवा 'यतिभंग' म्हणावे आणि परिणाम सांगताना साधे मराठी 'हसे' वापरावे. 'गाणे हास्यास्पद आहे' या वाक्यात निंदा आहे. 'तिसऱ्या कडव्यात गाण्याचे हसे झाले' असे म्हटले, तर जागाही कळते आणि बाकीची कडवी शाबूत राहतात.