बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क कोणती घ्यावी? (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

घाईगडबड
नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क हवी आहे. स्वस्त आणि टिकाऊ, पाच हजारांच्या आत. दोन दिवस रिव्ह्यू वाचतोय. प्रत्येक डिस्कखाली कोणीतरी 'सहा महिन्यांत गेली' म्हणून रडलेलं आहेच. रविवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे. कृपया नुसतं नाव सांगा, जुन्या धाग्यांच्या लिंका नकोत, वाचल्यात.

सोनचाफा
डेटा किती? विंडोज की मॅक? हे न सांगता नाव विचारणं म्हणजे वधूवर सूचक मंडळात जाऊन "एक द्या" म्हणण्यासारखं आहे.

घाईगडबड
विंडोज. डेटा नेहमीचाच, फोटो वगैरे.

खवचट काका
नेहमीचा म्हणजे किती? आमच्या साडूंचा नेहमीचा डेटा ३ टीबी आहे, त्यातले अडीच टीबी सिनेमे.

बिनतारी
डोळे झाकून एसएसडी घ्या. आत फिरणारं काही नाही, हातातून पडली तरी चिंता नाही. २०२५ साली चकती फिरवणारी वस्तू कोण घेतं?

वाशिष्ठीकाठ
बिनतारी, मी घेते. तेवढ्याच पैशांत चकतीवाली कितीतरी जास्त जागा देते. आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवून विसरायची वस्तू नाही. बॅकअप रोज थोडाच उघडतो आपण?

बिनतारी
चकतीवालीसुद्धा कपाटात ठेवून विसरू नये. माझी एक तशीच गेली.

वाशिष्ठीकाठ
मग भांडण कशाला? दोन्ही अधूनमधून लावून बघायच्या.

डब्लिनवासी
आमच्याकडे दोन डिस्कवाला नॅस आहे (घरच्या वायफायला जोडलेला डिस्कचा डबा). एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं, बायकोमुलांच्या फोनचे फोटो रात्री आपोआप जातात. एकदा खर्च करा, कायमचं सुख.

खवचट काका
यांचं बजेट पाच हजार आहे. तेवढ्यात तुमच्या नॅसचा रिकामा डबासुद्धा येणार नाही. शिवाय फाइल चुकून उडवली की नॅस ती दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे उडवतो, त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

मुक्तछंद
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. जुन्या मशीनवर वाऱ्यासारखं पळतं, व्हायरसची कटकट कमी. मी सासऱ्यांच्या पीसीवर टाकून दिलं.

सोनचाफा
मुक्तछंद, तुम्हाला डिस्क विचारली आहे हो.

व्याकरणप्रेमी
एक शंका. हार्ड डिस्क 'ती', पण हार्ड ड्राइव्ह 'तो' की 'ते'? वरती एकजण 'माझी एक गेली' म्हणतात. दुकानात 'हा ड्राइव्ह' ऐकलंय. पेन ड्राइव्ह मात्र आमच्या घरी 'तो'.

घाईगडबड
अहो कोणीतरी नाव सांगा! कॉम्प्युटर चालू व्हायला दहा दहा मिनिटं लागतात. आतून मधूनच टकटक आवाज येतो. बाबा म्हणतात रविवारच्या आत घेऊन टाक.

सोनचाफा
टकटक??? हे आधी सांगायचं ना. बाकीचं सगळं बाजूला ठेवा. डिस्क चेक, डिफ्रॅग वगैरे काही चालवू नका, आहे तो जीव त्यातच जाईल. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडून रंग काय दिसतो सांगा. ०५ आणि सी५ या ओळींत शून्य नसेल तर डिस्कवरचे काही भाग खराब झालेत किंवा वाचता येत नाहीत असं समजा. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आत्ताच हाताशी असेल त्या पेन ड्राइव्हवर घ्या.

घाईगडबड
पिवळा. 'कॉशन' लिहिलंय. सी५ मध्ये शून्य नाही. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ टाकायला गेलो तर म्हणतो फाइल फार मोठी आहे. चाळीस जीबी रिकामे दिसतायत! पेन ड्राइव्ह पण खराब का?

सोनचाफा
नाही. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. त्यावरचं सगळं काढून घ्या (फॉरमॅट केल्यावर पुसलं जाईल) आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

घाईगडबड
गेला! पूर्ण गेला व्हिडिओ. सोनचाफा, पाय कुठे आहेत तुमचे.

खवचट काका
'गेला' म्हणू नका हो, पिवळ्या डिस्कच्या धाग्यात काळजाचा ठोका चुकतो.

वाशिष्ठीकाठ
आता नाव. डब्ल्यूडी एलिमेंट्स, सीगेट एक्स्पान्शन, तोशिबा कॅन्व्हिओ बेसिक्स यांपैकी १ टीबीची जी बजेटमध्ये बसेल ती. अडीच इंची घ्या, साडेतीन इंचीला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. बिल ठेवा, पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाही. मागच्या बाजूच्या निळ्या, वेगवान यूएसबी पोर्टला लावा, नाहीतर दिवस जाईल. आणि 'दीड हजारात १६ टीबी' दिसलं तर पुढे चला. असल्या डिस्क जागा खोटी दाखवतात आणि जुन्या फाइलींवरच नवं लिहीत सुटतात.

आणखी एक. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा माझा पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती, तळमजल्यावर. दोन्ही नीट सांभाळलेली. चिखल काढताना डिस्कची पिशवी सापडली, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. लग्नाचा अल्बम छापील होता, तोही गेला. भावाकडे पुण्याला एका जुन्या पेन ड्राइव्हवर थोडे फोटो होते तेवढे उरले. तेव्हापासून एक प्रत त्याच्या घरी, दिवाळीला बदलते. जमल्यास तुम्हीही एखादी बहिणीकडे वगैरे ठेवा.

डब्लिनवासी
बापरे. नॅससुद्धा बुडाला असता.

बिनतारी
क्लाउड?

खवचट काका
गूगल फोटोजचं अमर्याद फुकट १ जून २०२१ ला बंद झालं. आता १५ जीबी, त्यातच मेल. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सुप्रभातला पुरत नाही.

घाईगडबड
घेतली! वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेल्यांतलीच. रविवारची वाट न पाहता आजच हाफ डे टाकून गेलो. पण दुकानदाराने फसवलं बहुतेक. खोक्यावर १ टीबी आणि कॉम्प्युटर दाखवतो ९३१ जीबी.

सोनचाफा
नाही फसवलं. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. तेवढंच दिसतं सगळ्यांना.

व्याकरणप्रेमी
'घेतली'. म्हणजे स्त्रीलिंगी. नोंद केली.

घाईगडबड
रात्री दीडला संपलं. २१२ जीबी. दोन फाइली अडकल्या, त्या सोडल्या, टॅक्सचे जुने कागद होते. बाकी फोटो, व्हिडिओ उघडून पाहिले, सगळे दिसतायत. मंडळी, खूप खूप आभार. शेवटचा प्रश्न. आता सगळं बाहेरच्या डिस्कवर आलंय तर पेन ड्राइव्हवरचा आणि पीसीवरचा डेटा उडवू ना? तेवढीच जागा होईल.

सोनचाफा
नाही!!

वाशिष्ठीकाठ
अहो नाही.

खवचट काका
हात कीबोर्डवरून काढा आणि बाबांना बोलवा.