मदत हवी आहे: रोश हशाना (ज्यू नववर्ष, दोन दिवसांचं), १४ माणसं, पहिला दिवस शनिवार

नवा_सण_ठाणे:
यंदा रोश हशाना ११ सप्टेंबर २०२६च्या संध्याकाळी सुरू होतोय, म्हणजे पहिला दिवस थेट शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस). दोन्ही रात्री आमच्याकडे १४ जण जेवायला आहेत. त्यातले चार इस्राएलहून येताहेत आणि कोशर (खाण्यापिण्याचे ज्यू नियम, ज्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही) काटेकोर पाळतात. बेत असा: रावसाची आमटी, नारळाच्या दुधातलं मटण, भात, चवळी, लाल भोपळा आणि शेवटी गव्हाच्या चिकाचा हलवा. दुसऱ्या रात्रीचा स्वयंपाक शनिवारी दुपारी करायचा विचार आहे. स्वयंपाकाला मावशी येतात, त्या ज्यू नाहीत. अडचणी अशा:
१) बेतात काही चुकतंय का?
२) मटण दर वेळी खारट होतं.
३) हलवा वडी धरत नाही, चमच्याने खावा लागतो. वासही किंचित आंबूस येतो.

पत्रा_आणि_वात:
सगळ्यात आधी शनिवार दुपार बेतातून काढा. शब्बाथला रांधता तर येत नाहीच, शिवाय शब्बाथच्या दिवशी दुसऱ्या रात्रीची तयारीही चालत नाही. ताटं मांडणं, डबे बाहेर काढणं, सगळं आकाशात तीन तारे दिसल्यावर. त्यामुळे दोन्ही रात्रींचं आणि शनिवार-रविवार दुपारचं जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजून तयार हवं. दुसऱ्या रात्री फक्त गरम करा. शब्बाथ नसलेल्या योम तोवला (सणाच्या दिवशी), म्हणजे इथे शनिवारी रात्रीपासून, आधीपासून पेटत्या ज्योतीवर रांधायला परवानगी आहे, पण १४ पानं ताटकळत असताना आमटीला फोडणी घालत बसू नये.

शुक्रवारी दिवे लावण्याआधी एक लहान बर्नर मंद करा आणि त्यावर जाड पत्रा टाका. तो रविवारी रात्रीपर्यंत तसाच राहील, म्हणजे जवळजवळ ४९ तास. सिलिंडर भरलेला हवा आणि खिडकी उघडी. नवी आग पेटवायची नाही म्हणून लायटर बाद, इंडक्शनही बाद. शेगडी बटण फिरवताच ठिणगी टाकणारी असेल तर तिचा प्लग किंवा सेल शुक्रवारीच काढून ठेवा. ऐनवेळी हात सवयीने बटणावर जातो. फ्रिजमधला दिवाही तेव्हाच बंद करा.

दुसऱ्या रात्रीचे दिवे अंधार पडल्यावरच, आणि पेटत्या ज्योतीवरून. त्यासाठी खोल काचेत भरपूर तेलाचा एक दिवा शुक्रवारपासून तेवत ठेवा. काडी त्यावर पेटवा, पण नंतर फुंकू नका, ताटलीत ठेवून आपोआप विझू द्या.

रस्सा पत्र्यावर फार वेळ ठेवू नका. नारळाचं दूध फुटतं आणि तेल वर येतं. शनिवारी दुपारी पत्र्यावर राहील असं काही हवं असेल तर कांदा-बटाट्याचं सुकं मटण करा. मासा गारच वाढा.

खडेमीठ:
मावशींबद्दल. सगळं ज्यू नसलेल्या माणसानेच रांधलं तर ते कोशर धरत नाहीत. बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) घरांत सेफार्दी (स्पेनकडून आलेली ज्यू परंपरा) रीत पाळतात. त्या रीतीप्रमाणे घरातल्या ज्यू माणसाने नुसता गॅस पेटवून भागत नाही, भांडंही त्यानेच चुलीवर चढवायचं. चिरणं, वाटणं, ढवळणं मावशींनी खुशाल करावं.

मटण खारट का होतं: रक्त काढण्यासाठी मीठ लावण्याची रीत पाळलीत आणि नंतर रश्शात पुन्हा नेहमीचं मीठ घातलंत, म्हणून. शोहेतने (ज्यू नियमाने जनावर कापणाऱ्याने) कापलेलं मटण साध्या पाण्यात अर्धा तास बुडवा, निथळू द्या, सगळ्या बाजूंनी मीठ चोळा, उतरत्या भोकांच्या जाळीवर एक तास ठेवा आणि तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे सगळं कापल्यापासून ७२ तासांत व्हायला हवं, म्हणून मीठ न लावता फ्रीझरमध्ये टाकू नका. बारीक मीठ विरघळून मांसात शिरतं आणि खडे घरंगळून पडतात. खडेमीठ कुटून जाड रव्याएवढं करा. रश्शात मीठ अगदी शेवटी, चव घेऊन. काळीज यात घालू नका, ते वेगळं आणि थेट आगीवर भाजावं लागतं. दही, तूप, लोणी मटणाच्या जवळपास नको.

रावस अख्खा आणि खवल्यांसकट घ्या, डोकं सणाच्या ताटात ठेवता येतं. कोळणीची सुरी सकाळपासून कोळंबीवर (ती कोशर नाही) चाललेली असते, तेव्हा आपली सुरी आणि पाट घेऊन जा किंवा घरी आणून साफ करा. मासा आणि मटण एका भांड्यात नको, एका ताटलीतही नको. मधे ताटल्या बदला आणि चूळ भरा.

चिकवाली:
हलव्याचं मी सांगते. वास येतो तो चिकावरच्या पिवळट पाण्याचा, आणि वडी न धरण्याचं कारणही बहुतेक तेच. अर्धा किलो गहू सोमवारी सकाळी भिजवा, तीन दिवस रोज पाणी बदला (या दमटीत दोनदा). गुरुवारी सकाळी वाटून फडक्यातून चीक पिळून घ्या आणि सहा-सात तास अजिबात न हलवता ठेवा. वरचं पाणी हळूच ओता. भांडं तिरकं केलं तर खालचा पांढरा थर जागचा हलता कामा नये. हलला तर अजून बसायचाय. साधारण दोन वाट्या घट्ट चीक निघतो.

त्याला तीन मोठ्या नारळांचं सहा वाट्या दूध, अडीच वाट्या साखर, चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच एकत्र करून गाळा. गरम दुधात चीक ओतला की गाठी होतात आणि त्या मोडत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यम आचेवर, न थांबता ढवळायचं. वीसेक मिनिटांत तो खिरीसारखा दाटतो आणि इथेच बहुतेक जण फसून उतरवतात. अजून किमान पाऊण तास हवा. उलथनं मधून ओढल्यावर पातेल्याचा तळ दोन-तीन सेकंद उघडा राहिला, कडेने नारळाचं तेल सुटलं आणि गोळा उलथन्याबरोबर फिरू लागला, की वेलची-जायफळ घालून थाळ्यात ओता. बदाम-पिस्ते वरून दाबा. पूर्ण गार झाल्यावरच काप पाडा.

पातेलं आणि थाळे ना मटणाचे, ना दुधाचे. नारळाचं दूध घालतो ते मटणाच्या जेवणानंतर खाता यावं म्हणूनच, त्यामुळे नारळ-दुधाची पावडर वापरताना पाकीट वाचा. कित्येकांत दुधाचं प्रथिन असतं. चांदीचा वर्ख नको, तो जनावराच्या आतड्याच्या पानांत कुटलेला असू शकतो.

नवा_सण_ठाणे:
खूप आभार. आमचा चीक हलतोच, तसाच वापरत होते. हलव्यासाठी नवं स्टीलचं पातेलं आणलंय. नवं भांडं वापरण्याआधी धर्मरीतीने पाण्यात बुडवतात, ते ठाण्यात बुडवायचं कुठे?

पत्रा_आणि_वात:
मिकवा (शुद्धीचं कुंड) जवळ नसेल तर समुद्र चालतो. लेबल आणि गोंद पूर्ण काढा, नाहीतर त्या जागी पाणी लागत नाही. पातेलं एका दमात अख्खं पाण्याखाली जायला हवं.

चिकवाली:
आणि नारळ सोमवारीच घेऊन ठेवा. १४ तारखेला गणेश चतुर्थी आहे, गुरुवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसेल.