‘मध्यम’ हवा म्हणजे नेमकी कशी?

तळटीप: सोसायटीच्या फलकासाठी हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचा (एक्यूआय) तक्ता मराठीत करतेय. १०१ ते २०० ला ‘मॉडरेट’ आहे, म्हणून ‘मध्यम’ लिहिलं. शेजारचे दमेकरी काका म्हणाले, “मध्यम ना? मग येतो एक चक्कर मारून.” त्याच रांगेत पुढे छापलंय की दमा, फुप्फुसं आणि हृदयाचे विकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो! दुसरा शब्द सुचवा.

खडीसाखर: तुमचं काही चुकलेलं नाही, शब्द वरच गळालाय. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने श्रेण्या ठरवल्या तेव्हा ही ‘मॉडरेटली पोल्यूटेड’ होती. आता नुसतं ‘मॉडरेट’ दिसतं. ‘मध्यम प्रदूषित’ लिहून मोकळ्या व्हा.

बोरूबहाद्दर: त्यापेक्षा ‘बेताची’. तब्येत बेताची म्हटल्यावर कुणी चक्कर मारायला जात नाही.

खडीसाखर: आणि मीठ बेताचं म्हटल्यावर?

शुद्धमती: परिभाषेत बोली घुसडू नये. एका संज्ञेला एकच प्रतिशब्द, तो मध्यम. लोकांनी अर्थ शिकून घ्यावा.

चेंबूरकर: शिकवणार कोण? आमच्या भागाला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणतात, तक्ता न वाचता. ‘मध्यम’ सोडा, आधी ‘समाधानकारक’ बघा. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असली तरी समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. समाधान कुणाचं?

शुद्धमती: हा शब्दचर्चेचा विषय नव्हे.

चेंबूरकर: कसा नव्हे? संसदेत ठरलेलं उत्तर असतं: ‘केवळ’ वायू प्रदूषणामुळे मृत्यू झाल्याची निर्णायक आकडेवारी नाही. त्या ‘केवळ’वर अख्खं उत्तर उभं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ लिहिलेली कुणी पाहिलीय?

बोरूबहाद्दर: २०१० मध्ये बीजिंगच्या अमेरिकी दूतावासाच्या यंत्राने आकडा ५०० पार गेल्यावर ‘क्रेझी बॅड’ असं ट्वीट केलं होतं. मागाहून ते सभ्य केलं म्हणा. मराठीत काय, ‘बेक्कार’?

शुद्धमती: बेकारचा अर्थ बिनकामाचा. धुरकेही तसलंच, धूर आणि धुके यांचं कडबोळं.

खडीसाखर: धुरके छान रुळलंय हो. पेपरात रोज असतं.

रानवारा: आमच्याकडे धुके म्हणतच नाहीत, धुई म्हणतात. धुई पडली की कांद्यावर करपा येतो.

शुद्धमती: धुई म्हणजे दव ना?

रानवारा: दव वेगळं, ताई. दवात समोरचं दिसतं.