राइनोतलं वक्र कवच रिव्हिटमध्ये आणताना फुटतंय, सल्ला हवा

कमानरेषा: सभागृहाच्या छताचं कवच राइनोत (वक्र आकार करायचा ३डी प्रोग्रॅम) केलंय. लंबगोल तळ, दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग, जाडी १५० मिमी, माथा एका बिंदूत मिटतो. एसएटी (३डी आकार पाठवायचा फाइल प्रकार) करून रिव्हिटच्या (इमारतीचं मॉडेल करायचा प्रोग्रॅम) फॅमिलीत, म्हणजे घटकाच्या फाइलीत, आणलं की माथ्याचा भाग गायब आणि सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) आतून पोकळ. मला सेक्शन, घनफळ आणि भिंती जोडणं, तिन्ही हवं. नवीन लायसन्स घेता येणार नाही, हे दोनच प्रोग्रॅम आहेत.

ड्राफ्टिंगटेबल: सरळ आर्किकॅड घ्या. मी वर्षानुवर्षं त्यातलं मॉर्फ (मोकळे आकार करायचं साधन) वापरतोय, असला त्रास कधीच झाला नाही.

बीमकॉलम: नवीन लायसन्स नको असं वर लिहिलंय ना? आणि मॉर्फमध्ये वक्र भाग शेवटी बहुभुजी तुकड्यांचाच होतो, म्हणून त्रास दिसत नाही.
कमानरेषा, आधी राइनोत 'शोएजेस' चालवून नेकेड एज (कशालाही न जुळलेल्या कडा) बघ. एक जरी उघडी कड असेल तर ते सॉलिडच (बंद, भरीव आकार) नाही, म्हणून पोकळ दिसतं. मग बारीक कडा शोध. साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा रिव्हिट घेत नाही, राइनोला ०.३ सुद्धा चालते. कवच आणि रिंग बीम (कडेने फिरणारी तुळई) छेदतात तिथे अशा चिंचोळ्या पट्ट्या हमखास निघतात.

त्रिकोणी: एवढा खटाटोप कशाला? मेश (सपाट तुकड्यांची जाळी) करा. स्केचअपमध्ये वर्तुळ मुळात २४ बाजूंचंच असतं, रेंडरमध्ये कोणाला कळतं?

बीमकॉलम: रेंडर मागितलंय कुणी? मेशला भिंती कशा जोडणार?

निळीप्रत: आयएफसी४ (प्रोग्रॅममध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायचं स्वरूप) ने पाठवा, वक्र भाग जसाच्या तसा जातो.

बीमकॉलम: त्यातल्या कुठल्या व्ह्यूने (काय आणि कसं पाठवायचं ते ठरवणारा प्रकार)? रेफरन्स व्ह्यूत त्रिकोणच जातात. अचूक वक्र बी-रेप (पृष्ठभाग आणि कडांनी मांडलेला आकार) हवा तर डिझाइन ट्रान्सफर व्ह्यू, आणि दोन्हीकडच्या प्रोग्रॅमना तो नीट लिहिता-वाचता यायला हवा.

निळीप्रत: आमच्याकडे गेला होता. पटत नसेल तर राहू दे.

घुमटकाम: मुद्दा माथ्याचा आहे. सगळ्या उभ्या रेषा एका बिंदूत आल्या की पृष्ठभागाची एक अख्खी कड शून्य लांबीची होते, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना तिथेच मोडतं. शिवाय गोल फिरून स्वतःलाच मिळणाऱ्या पृष्ठभागाला शिवण असते, तीही नडते. संत्र्याच्या फोडींसारखे चार उभे तुकडे कर, टोकं थोडी कापून टाक आणि तिथे चार कडांचा वेगळा पॅच बसव. जाडी त्यानंतर दे, आधी नाही. एका सल्लागाराकडून आलेली अशीच फाइल मी याच पद्धतीने सोडवली आहे.

ड्राफ्टिंगटेबल: म्हणजे शेवटी तुकडेच! मी तेच म्हणत होतो.

लांबचाबिंदू: +१ घुमटकाम. मॉडेल मूळबिंदूपासून किती लांब आहे तेही बघा. सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर बसवलेलं असेल तर आधी जवळ आणा, मग एक्स्पोर्ट करा.

निळीप्रत: नेकेड एज बघितल्या का?

बीमकॉलम: ते मी आधीच सांगितलंय.

कमानरेषा: सगळ्यांचे आभार. नेकेड एज एकही नव्हती. घुमटकाम यांच्या फोडी केल्या, चारही तुकडे सॉलिड आले. तरी ती वाट सोडली, कारण वास्तुविशारद आकार अजून बदलणार आहेत आणि दर वेळी कापाकापी नको. राइनोतून फक्त आडव्या वक्ररेषा आणल्या, रिव्हिटच्या मासमध्ये (ढोबळ आकाराचा घटक) त्यावरून लॉफ्ट केलं, म्हणजे रेषांमधून पृष्ठभाग ओढला, आणि 'रूफ बाय फेस' या आज्ञेने त्या पृष्ठभागावर १५० मिमीचं छत चढवलं. माथ्याशी लहान झरोका ठेवायला वास्तुविशारद तयार झाले, त्यामुळे तो बिंदूच उरला नाही. घनफळ शेड्यूलमध्ये (रिव्हिटच्या तक्त्यात) येतंय, भिंतीही जोडल्या गेल्या. राइनोतल्या मूळ पृष्ठभागापासून मधल्या भागात थोडा फरक पडतो, तिथे आणखी एक वक्ररेषा घालतेय.

घुमटकाम: तरीही माझ्या मते फोडीच जास्त अचूक. मास बदललास की छत आपोआप बदलणार नाही. छत निवडून 'अपडेट टू फेस' दाबायचं.