शब्दचर्चा: 'राष्ट्रोपरी', 'अधिराष्ट्रीय' आणि जुना 'राजीनामा'

प्रश्न, कोथरूडहून

नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. विषय: देशांच्या वर बसून निर्णय घेणाऱ्या संस्था, जागतिकीकरण, आणि त्यांचा लोकशाहीवर नि संस्कृतीवर होणारा परिणाम. दुसरं प्रूफ काल संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून आलं आणि अकराव्या पानावर माझी लाल पेन्सिल थांबली. छापलेलं वाक्य असं: 'आंतरराष्ट्रीय संस्था वेगळी आणि आंतरराष्ट्रीय संस्था वेगळी.' मूळ मजकुरात दोन निरनिराळे शब्द आहेत, इंटरनॅशनल आणि सुप्रानॅशनल. चौदाव्या पानावर त्याच दुसऱ्या शब्दाचं 'राष्ट्रोपरी' झालंय आणि विसाव्यावर 'बहुराष्ट्रीय'. 'बहुराष्ट्रीय' तर साफ चूक, ती कंपनी झाली.

फरक पाठ्यपुस्तकी वाटला तरी खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देश एकमेकांशी बोलतात, ठराव करतात, पण तो ठराव एखाद्या देशाने मानला नाही तर बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एका सामायिक उच्च प्राधिकरणाच्या हाती दिला, तेव्हा गोष्ट बदलली. त्या प्राधिकरणाचे निर्णय देशांवर बंधनकारक होते. यातूनच पुढे युरोपीय समुदाय आणि आजचा युरोपीय संघ उभा राहिला. सुप्रानॅशनल हा शब्द त्या पॅरिस करारातच, नवव्या कलमात आहे. मराठीत याला काय म्हणावं? माझ्यासमोर राष्ट्रोपरी, राष्ट्रातीत, अतिराष्ट्रीय आणि अधिराष्ट्रीय असे चार पर्याय आहेत.

उत्तर, सदाशिव पेठेतून

ताई, चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'अति' नको. अतिरेक, अतिक्रमण, अतिशहाणा: या उपसर्गाला मराठीत मर्यादा ओलांडल्याचा दोष चिकटलेला आहे. 'अतिराष्ट्रीय' म्हटलं की अतिराष्ट्रवादी माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. 'राष्ट्रातीत' कानाला गोड आहे, पण कालातीत, शब्दातीत यांच्या पंगतीत बसतो. जे राष्ट्राच्या पलीकडे गेलं, ज्याला राष्ट्राशी कर्तव्यच उरलं नाही, ते राष्ट्रातीत. ब्रुसेल्सच्या आयोगाला, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी मंडळाला, राष्ट्रांशीच तर कर्तव्य आहे.

'अधि' मात्र नेमका. अधिकार, अधिपती, अधिसूचना. वरून, आणि अधिकाराने. माझं मत 'अधिराष्ट्रीय'.

जाता जाता: प्रूफात कुठे 'अंतर्राष्ट्रीय' राहिलं असेल तर काढा. 'अंतर्' म्हणजे आत. अंतर्गत, अंतर्मन. त्या हिशेबाने 'अंतर्राष्ट्रीय' म्हणजे राष्ट्राच्या आतलं. आपला 'आंतरराष्ट्रीय' आंतरजातीय, आंतरशालेय यांच्या कुळातला आहे.

उत्तर, सासवडहून

सरांचं व्याकरण मान्य. पण 'राष्ट्रोपरी'वर एक वेगळा आक्षेप नोंदवते.

आमच्या घरी शेतीचे जुने कागद आहेत. त्यांत दोन प्रकारचे शेतकरी येतात, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, गावच्या बैठकीत त्याला मान. उपरी बाहेरून आलेला. तो जमीन कसायचा, पण वतनी हक्क नाही. आजी अजूनही एखाद्याला 'उपऱ्यासारखा काय उभा राहिलास' म्हणते. 'राष्ट्रोपरी' कानावर पडलं की मला त्यातलं 'उपरी'च ऐकू येतं. सर म्हणतील, ते संस्कृत 'उपरि', हे मराठी 'उपरी'. बरोबर आहे. पण वाचक संधी सोडवून वाचत नाही. आणि हा अर्थ उलटा जातो: उपऱ्याला हक्क नसायचा, इथे तर बाहेरच्यालाच हक्क आहे.

प्रश्नकर्ती, कोथरूडहून

सासवडच्या ताई, तुमचा आक्षेप मला पटला आणि झोंबलाही. युरोपातल्या सामान्य माणसाची तक्रार नेमकी हीच आहे की निर्णय घेणारे आमच्या गावचे नाहीत.

एक उदाहरण पुस्तिकेत घेतलंय ते इथेही देते, कारण 'अधि' म्हणजे काय ते त्यातून दिसतं. इटलीने १९६२ मध्ये वीजकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानमधले फ्लामिनिओ कोस्ता हे वकील. राष्ट्रीयीकरण झालेल्या एका कंपनीचे ते भागधारक होते. त्यांनी नव्या सरकारी वीजमंडळाचं बिल भरायचं नाकारलं. बिल होतं १,९२५ लिरांचं. हे राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराच्या विरोधात आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण युरोपीय समुदायाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की युरोपीय समुदायाचा कायदा आणि सदस्य देशाचा नंतर केलेला कायदा यांत विरोध आला तर समुदायाचा कायदा वरचढ. करारात हे वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं. एका घरगुती बिलावरून सहा देशांच्या संसदांच्या डोक्यावर एक पायरी चढली.

आता 'सार्वभौम' घ्या. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत भारताचं पहिलं विशेषण तेच आहे. शब्द आला 'सर्वभूमि'पासून. सगळ्या पृथ्वीचा धनी तो सार्वभौम, म्हणजे चक्रवर्ती राजा. आपण तो सीमेच्या आतल्या राज्याला लावला आणि रुळवला. 'अधिराष्ट्रीय' म्हटलं की सार्वभौमाच्याही वर कुणी आहे असं म्हणावं लागतं. म्हणूनच बहुधा हा शब्द युरोपातल्या सरकारांनाही टोचला असावा: १९६५ च्या करारात नववं कलम बदललं आणि त्यात तो शब्द राहिला नाही. काम चालू राहिलं, फक्त नाव गेलं. मला हे चुकीचं वाटतं. सत्ता जिथे आहे तिथे तिचं नाव लिहिलेलं असावं.

उत्तर, चाकणहून

सगळे युरोपात गेलात. आमच्याकडे या विषयाला एकच शब्द होता, 'डंकेल'.

१९९१ च्या डिसेंबरात गॅटचे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या व्यवस्थेचे, महासंचालक आर्थर डंकेल यांनी नव्या जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडला आणि नंतर दोन-तीन वर्षं पारावर, एसटीत, बाजार समितीत दुसरा विषय नव्हता. माणसाचं आडनाव मराठीत सामान्यनाम झालं. 'डंकेल आला की बियाणं विकत घ्यावं लागेल' असं लोक म्हणत. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली, पण हे लांबलचक नाव गावात कुणी घेतलं नाही.

आणि सगळे विरोधात होते असंही समजू नका. शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेलच्या बाजूने उभे राहिले. हा माणूस स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होता. ती सोडून इथे आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. त्यांचा मुद्दा साधा होता: शेतकऱ्याला लुटतं ते आपलंच सरकार, बाजार खुला झाला तर भाव मिळेल. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती दिल्लीहून आली, जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हाहून नव्हे. तेव्हा ताई, 'वरचा तो परका आणि देशातला तो आपला' एवढं सोपं लिहू नका. आम्हाला दिल्लीही उपरीच वाटते कधीकधी.

आणखी एक. हळदीच्या पेटंटची गोष्ट सगळे जागतिक व्यापार संघटनेच्या नावावर खपवतात. जखम भरून येण्यासाठी हळद, हे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दिलं होतं. ते त्यांच्या देशाचं कार्यालय. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकर महासंचालक असताना, तिथेच आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. यात 'अधि' काही नाही. पुस्तिकेत ही गोष्ट असेल तर जागा बदला.

उत्तर, शनिवार पेठेतून

मी मोडी वाचतो, राजकारण माझा विषय नाही. पण एक शब्द सुचवावासा वाटतो, तुमच्या संस्थेसाठी नव्हे, देश त्या संस्थेत जाताना जे करतो त्यासाठी.

पेशवाईतल्या निवाड्यांचे कागद पाहिले तर वाद गोतापुढे (गावच्या न्यायसभेपुढे) किंवा पंचांपुढे उभा करताना वादी-प्रतिवादी आधी एक कागद लिहून देत: पंच जे सांगतील ते आम्ही मान्य करू. त्या कागदाचं नाव 'राजीनामा'. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीपत्र. आज आपण त्याच शब्दाने पद सोडतो. जुन्या कागदात मात्र तो वादाच्या सुरुवातीला येतो, निवाड्याच्या आधी.

तुमच्या करारावर देश सही करतो, तो हाच राजीनामा नाही का?

प्रश्नकर्ती, कोथरूडहून

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी आठवं पान पुन्हा लिहायला घेतलं. कारण सगळ्या विषयाची गाठ याच शब्दात आहे: राजीनामा कुणी लिहून दिला?

पेशवाईत ज्याचा वाद तोच लिहून द्यायचा. आता सरकार लिहून देतं, आपल्या वतीने. भारतात परदेशाशी करार करणं हा केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकार आहे. सही करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असं नाही. करार पाळण्यासाठी कायदा बदलावा लागला तरच संसद येते, आणि संविधानाचं २५३ वं कलम संसदेला असा कायदा राज्यांच्या विषयांवरही करू देतं. शेती हा राज्यांचा विषय असूनही जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीवरच्या कराराची सही एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला झाली. पेटंटचं पाहा. करारासाठी पेटंट कायदा बदलणारा वटहुकूम १९९४ च्या अखेरीस निघाला, त्याचं विधेयक राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. म्हणजे लोकप्रतिनिधी राजी नव्हते. अमेरिकेने तक्रार केली, १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाचा निवाडा भारताच्या विरोधात गेला, आणि १९९९ मध्ये तीच दुरुस्ती संसदेने केली. तो कायदा बरा की वाईट हा वेगळा वाद. पण 'नाही' म्हणायची जागा संसदेकडे किती उरली होती, हा प्रश्न चाकणच्या दादांनी दिल्लीला दिलेल्या दोषानंतरही उरतोच.

आणि काका, नव्या अर्थाचा राजीनामाही आहे. ब्रिटनने २०१६ मध्ये कौल घेतला, ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघ सोडला. पहिला राजीनामा परत घेण्यासाठी दुसरा दिला. दोन्ही अर्थ एकाच देशाने वापरले.

यातूनच पुढचा शब्द. मूळ मजकुरात 'डेमोक्रॅटिक डेफिसिट' आहे. अनुवादात 'लोकशाहीचा अभाव' केलं होतं, मी 'लोकशाहीची तूट' केलं. अभाव म्हणजे मुळातच नाही. तसं नाही. युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका १९७९ पासून होतात, पण कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकार मुख्यतः आयोगाकडे आहे, आणि आयोगाला लोक निवडून देत नाहीत. मतदान १९७९ मध्ये सुमारे ६२ टक्के होतं, २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्याही खाली आलं. याला तूट हाच शब्द. अर्थसंकल्पातली तूट भरून काढायची असते. या शब्दातही तशीच जबाबदारी येते.

'जागतिकीकरण' तसंच ठेवलंय. 'वैश्वीकरण' हिंदीत ठीक आहे. आपल्याकडे 'विश्व' शब्दाला वारकरी संतांनी इतका जिव्हाळा दिलाय की बाजाराच्या गोष्टीला तो लावायला मन धजत नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांचं 'खाउजा' (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) तळटीपेत दिलंय.

संस्कृतीच्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची गोष्ट भाषेचीच वाटते. युरोपीय समुदायाने १९५८ मध्ये केलेला अगदी पहिला नियम भाषांबद्दल होता. तेव्हा चार भाषा होत्या, आज चोवीस आहेत. नागरिकाने संघाच्या संस्थांना यांपैकी कुठल्याही भाषेत पत्र लिहावं, उत्तर त्याच भाषेत मिळण्याचा त्याला हक्क आहे. माल्टासारख्या चिमुकल्या देशाच्या माल्टीलाही. जागतिक व्यापार संघटनेच्या अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. आपल्या पेटंट कायद्यावरचा तो निवाडा मराठीत वाचायचा तर कुणीतरी माझ्यासारखं बसून लिहायला हवं. ज्या भाषेत निवाडा वाचता येत नाही, त्या भाषेतल्या माणसाने राजी व्हायचं तरी कशाला?

पण चाकणचे दादा म्हणतात तसं एकतर्फी लिहायचं नाही. पुणेरी पगडीला २००९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं, ज्यामुळे दुसरीकडची पगडी 'पुणेरी' म्हणून विकता येत नाही, त्याचा कायदा १९९९ चा, आणि तो आला माराकेशच्या त्याच जागतिक करारामुळे. तुमचं पुरंदरचं अंजीर, मुळशीचा आंबेमोहर, सगळे त्याच छत्राखाली. हळदीची गोष्ट उचलून पेटंट कार्यालयांच्या भागात नेली, आभार.

अडकलंय ते इथेच. वर्तमानपत्रं कधी 'भौगोलिक निर्देशांक' लिहितात, कधी 'भौगोलिक मानांकन'. निर्देशांक म्हणजे शेअर बाजाराचा किंवा महागाईचा आकडा. पगडीचा आकडा कसला? मानांकन म्हटलं की दर्जाचे तारे दिल्यासारखं वाटतं. कायद्याला अभिप्रेत आहे ते इतकंच, की ही वस्तू अमुक ठिकाणची आणि तिचा गुण किंवा लौकिक त्या ठिकाणामुळे. मी 'भौगोलिक ओळख' लिहून पाहिलं, थोडं उघडं वाटतं. पानं परवा छापायला जातात.

उत्तर, सासवडहून

'स्थळओळख' कसं? आमच्याकडे अंजिराची पाटी बाजारात उतरली की पहिला प्रश्न तोच असतो, कुठलं आहे?

उत्तर, सदाशिव पेठेतून

'स्थळओळख' समास बोजड झाला. 'मूळस्थान-चिन्ह' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'भौगोलिक मानांकन' ठेवा, म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. आणि अकराव्या पानावरचं ते वाक्य आता असं करा: 'आंतरराष्ट्रीय संस्था देशांच्या मध्ये असते, अधिराष्ट्रीय संस्था देशांच्या वर.'

प्रश्नकर्ती, कोथरूडहून

वाक्य घेतलं सर, एका भरीसह: 'देशांच्या वर, देशांनी दिलेल्या राजीनाम्यावर.' राजीनाम्याचा जुना अर्थ खाली तळटीपेत. काका, एखाद्या कागदातली राजीनाम्याची मूळ ओळ देवनागरीत उतरवून उद्या दुपारपर्यंत द्याल का? तळटीपेत तीन ओळींची जागा ठेवली आहे.